मिलिंद, बाकीच्या एकोणचाळीस घरांबद्दल

मिलिंद,

तुला आत्मा नव्हता. हे मी म्हणत नाही, तूच म्हणायचास, आणि समोरचा चिडला की आणखी शांतपणे म्हणायचास. तरी तू गेल्यापासून मला इथल्या, सिंगापूरच्या मराठी मंडळींचे ढीगभर ईमेल आले, सगळ्यांत तुझ्या आत्म्याला शांती मिळो असंच. पहिल्या दोघांना मी उलट लिहिलं की तो बौद्ध होता, त्याला हे चाललं नसतं. एकीने लगेच सॉरी म्हटलं. दुसऱ्याने लिहिलं, "अहो ताई, भावना समजून घ्या." मी नाही समजून घेतली. तुझ्या वाट्याला आयुष्यभर हेच आलं, समजून घ्या, जुळवून घ्या. निदान मेल्यावर तरी कुणी तुला जुळवून घ्यायला लावू नये.

त्या मंगळवारी सकाळी कामावर निघताना लिफ्टच्या दारात तू कोसळलास. शीलाचा फोन आला तेव्हा मी चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या ऑफिसात शिडीवर होते. खाली उतरले, सामान आवरलं, टॅक्सीत बसले आणि यिशुनला तुमच्या घरी पोचेपर्यंत ड्रायव्हरशी हवामानावर बोलत राहिले. माझ्या हातून दुसरं काही झालं नाही. तुझी-शीलाची लेक मैत्री दारात उभी होती, शाळेच्या गणवेशात. मला बघून एवढंच म्हणाली, "आंटी, ही डिडन्ट इव्हन फिनिश हिज कॉफी." चौदा वर्षांची मुलगी. तिला मी काय सांगणार होते?

पण मी हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. स्मशानभूमीच्या हॉलमध्ये त्रिशरण-पंचशील झालं, शीला पुढच्या रांगेत ताठ बसली होती, आणि मागे फ्रान्सिस आला होता. आपला मॅनेजर. तुझा जुना, माझा अजूनही. काळा शर्ट घालून, फुलं घेऊन. माझ्याशेजारी उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला, "गुड इंजिनियर. टू रिजिड, दॅट्स ऑल." चांगला इंजिनियर, जरा जास्तच ताठर, बाकी काही नाही.

मी तिथे गप्प राहिले. गप्प राहण्याची मला चार वर्षांची सवय होती.

आता बोलते.

*

आपण एकाच कॉलेजचे, औरंगाबादचे. तू माझ्या दोन वर्षं पुढे, आणि तिथे आपली ओळखही नव्हती. इथे आल्यावर पहिल्या दिवशी फ्रान्सिसने मला तुझ्या हवाली केलं तेव्हा तू माझं आडनाव वाचलंस, वर बघितलंस आणि म्हणालास, "जय भीम. बूट बदल, हे शिडीवर घसरतील." इतकाच आपला परिचय.

आपलं काम काय आहे हे गावाकडे समजावताना दोघांचीही तारांबळ उडायची. नव्या इमारतीत एसी बसवून झाले की प्रत्येक खोलीत किती हवा येते ते मोजायचं. कुठे जास्त, कुठे कमी असेल तर नळ्यांतल्या झडपा आणि ब्लोअरचा वेग जुळवायचा, आणि सगळं नीट आहे असं लिहून खाली सही करायची. तुझी आई फोनवर म्हणाली होती, "हवा मोजायला तुला समुद्रापल्याड बोलावलं? इथली मोजायला कुणी नाही का?" तू तो किस्सा सांगताना आईचा आवाज हुबेहूब काढायचास.

तू मला शिकवलंस त्यातलं पहिलं वाक्य माझ्या आजही डोक्यात आहे: ब्लोअरचा वेग वाढवणं हा शेवटचा उपाय. बाकी सगळे पहिल्यांदा तेच करतात. खोली गार होत नाही? मोटरला तीन वायरी असतात, लो, मीडियम, हाय. हायची जोडा, झाकण लावा, निघा. तू मात्र शिडीवर बसून मला विचारायचास, "गार पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला की त्याला घाम का येतो?" मी म्हणायचे, हवेतलं पाणी गार धातूवर जमतं म्हणून. "मग एसीतली कॉइल म्हणजे तोच तांब्या. हवा तिच्यावरून सावकाश गेली की पाणी सोडून जाते, घाईत गेली की पाणी घेऊनच खोलीत येते. माणसाला गार वाटतं आणि कपाटात बुरशी धरते. आणि फारच सावकाश गेली तर?" कॉइलवर बर्फ धरतो. "बरोबर. म्हणजे वेग हा माणसाच्या मर्जीचा प्रश्न नाही. मोजायचा प्रश्न आहे."

तू तीनदा मोजायचास. सगळे एकदा मोजायचे, मी दोनदा. एकदा मी वैतागून विचारलं, तिसऱ्यांदा कशाला? तू म्हणालास, "पहिल्यांदा मला हवा तो आकडा दिसतो. दुसऱ्यांदा तो खोटा आहे की काय अशी भीती दिसते. तिसऱ्यांदा हवा दिसते."

मी तेव्हा हसले होते.

*

सार्सची साथ ओसरली त्याच्या पुढच्या वर्षी बुओना व्हिस्टाच्या त्या नव्या कॉन्डोमधून, खाजगी फ्लॅटांच्या इमारतीतून, तक्रार आली. चाळीस घरं, सगळी एका नकाशाची. आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या टीमने ती मोजून, सही करून दिली होती. तक्रार करणाऱ्या होत्या नवव्या मजल्यावरच्या मिसेस चुआ. निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांनी मॅनेजमेंटला तीन पत्रं लिहिली होती, आणि मॅनेजमेंटकडून आलेल्या उत्तरातल्या व्याकरणाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते उत्तर परत पाठवलं होतं. फ्रान्सिसने ती फाइल आपल्या टेबलावर टाकली आणि म्हणाला, म्हातारी डोकं खातेय, शांत करून या.

त्या दिवाणखान्यात स्वेटर घालून बसल्या होत्या. सिंगापुरात, भर दुपारी. "सो कोल्ड, बट स्टिल वेट, यू नो," म्हणाल्या आणि आपल्याला मागच्या बेडरूममध्ये घेऊन गेल्या. तिथे उलट होतं, कोंदट. कपाट उघडलं तर ब्लाउजांवर हिरवट ठिपके. भिंतीलगत पुस्तकांच्या रांगा, कडा फुगलेल्या. "मी रात्री खोकते," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात घर बदला. चाळीस वर्षं शिकवून हे घर घेतलंय, मी का बदलू? हवा बदला."

तू खळखळून हसलास. ती बाई तुला त्याच क्षणी आवडली.

आपण मोजलं. तू शिडीवरून आकडे सांगत होतास, मी माझ्या वहीत लिहीत होते. ब्लोअर हायवर होता. दिवाणखान्यात वादळ, मागच्या खोलीत जेमतेम झुळूक. आधीच्या टीमने मागच्या खोलीचा आकडा कागदावर बसावा म्हणून सगळ्या घरांत हायची वायर जोडून ठेवली होती. तू छतातलं छोटं झाकण उघडून टॉर्च मारलास, बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, "मागच्या खोलीकडे जाणारी नळी तुळईपाशी कुठेतरी दबलीये. इथून दिसत नाही. छत कापावं लागेल."

ऑफिसात फ्रान्सिसने ऐकून घेतलं आणि मान हलवली. एका घरात छत कापलं की बाकीची एकोणचाळीस घरं विचारणार, आमचं पण बघा. म्हणाला, ब्लोअर मीडियमवर टाका, बाईंना थंडी वाजायची थांबेल, विषय बंद करा.

आपलं पहिलं खरं भांडण त्या संध्याकाळी यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या गर्दीत झालं. तू नूडल्सची प्लेट समोर ठेवून एक घासही घेतला नव्हतास.

मी म्हटलं, "आत्ता मीडियमवर टाकू. थोडा तरी आराम पडेल त्यांना. रिपोर्टमध्ये खाली लिहू, नळी तपासावी. हळूहळू होईल."

"नळी दबलेली ठेवून वेग कमी केला तर कॉइलवरून पुरेशी हवाच जाणार नाही. बर्फ धरेल. वितळला की पाणी छतातून खाली."

"कदाचित धरेल."

"धरेल."

"मिलिंद, तू हे सगळं आपल्या आडनावावर कुणी बोट ठेवू नये म्हणून करतोस. किती दिवस परीक्षा देत राहायची? इथे कुणाला माहीत पण नाही आपण कोण ते."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही, थकून. "परीक्षा नाही ग. त्या बाईंच्या खोलीत हवा जात नाही. एवढंच आहे ते."

मला ते पटलं नव्हतं. आजही पुरतं पटलेलं नाही. तुझ्या तिसऱ्या मोजणीत ती परीक्षा कुठेतरी होतीच असं मला वाटतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. तू कबूल केलं नाहीस. आता करायला तू नाहीस, तर हा मुद्दा माझ्या बाजूने सुटला असं मी धरून चालते. राग आला तर ये भांडायला.

दुसऱ्या दिवशी तू दुसऱ्या साइटवर होतास. मी एकटी मिसेस चुआंकडे गेले, मीडियमची वायर जोडली आणि परत आले. दिवाणखान्यातलं वादळ थांबलं. त्यांनी मला अननसाचा टार्ट दिला आणि म्हणाल्या, तू हुशार आहेस. मला किती बरं वाटलं होतं ते सांगायला आज लाज वाटते.

सोळाव्या दिवशी बर्फ वितळला. पाणी छतातून थेट पुस्तकांच्या कपाटावर.

*

तू मला काहीही म्हणाला नाहीस. त्याबद्दल मी तुझ्यावर तेव्हाही चिडले होते. फोन आला तेव्हा तू फक्त म्हणालास, "चल," आणि वाटेत एका दुकानातून आठ टॉवेल घेतलेस.

त्या दुपारी आपण तिघांनी पुस्तकं वाळवली. मिसेस चुआ जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरत होत्या, तू एकेक पुस्तक उघडून उभं करत होतास, मी पानांमध्ये टिश्यू घालत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी निरोपाला दिलेलं एक सह्यांचं पुस्तक होतं. त्यातली शाई पसरून अर्धी नावं वाचता येत नव्हती. त्या बाई रडल्या नाहीत. ज्या मुलाचं नाव गेलं होतं त्याचं नाव आठवून त्या पेन्सिलने कडेला लिहीत होत्या, एकामागून एक. मध्येच थांबून मला म्हणाल्या, "हा मागच्या बाकावर बसायचा. नाव आठवत नाही." आणि मग माझ्याकडे बघतच राहिल्या, जणू मला ते माहीत असणार.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बाहेर आले तर तू शिडी लावत होतास.

"मॅडम, तुमची परवानगी असेल तर मी छत कापतो," तू विचारलंस. "कंपनीची परवानगी नाही."

"छत कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमचं."

"मग कापा."

तू हातकरवतीने एक चौकोन कापलास. नळी तुळई आणि पाइपच्या मधे चेमटून हाताच्या मुठीएवढी झाली होती. तू मला वर बोलावून दाखवलीस. तू हात घालून ती मोकळी केलीस, पट्टीने वर बांधलीस, आणि मग आपण मोजलं. तीनदा. मीडियमवर, मागच्या खोलीत पुरेशी हवा, दिवाणखान्यात शांत. मिसेस चुआ मागच्या खोलीत जाऊन पलंगावर बसल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. आपण बघायला गेलो तर झोपल्या होत्या.

त्यानंतरचं सगळं चार दिवसांत झालं. ग्राहकाच्या मालमत्तेचं नुकसान, परवानगीविना काम. फ्रान्सिसने तुला आत बोलावलं आणि एक मार्ग दिला. रिपोर्टमध्ये लिही की दोष या एकाच घरात होता, दुरुस्त केला, बाकी घरं व्यवस्थित आहेत. सही कर, मी बाकीचं बघतो. तू त्याच कागदावर हाताने लिहिलंस: एका घराचं छत उघडलं, त्या घरात दोष सापडला. बाकीची एकोणचाळीस घरं उघडलेली नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला माहीत नाही. खाली सही केलीस. मग दुसरा कागद घेतलास आणि राजीनामा लिहिलास.

तेव्हा तू कामाच्या पासवर होतास. नोकरी गेली की महिन्याभरात दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. मैत्री दहा वर्षांची, शाळेत नुकती रुळलेली. शीलाने मला फोन करून विचारलं होतं, "प्रज्ञा, तू सांग ना त्याला. तुझं ऐकेल." मी म्हटलं, सांगते. आणि सांगितलं नाही. मला माहीत होतं तुझं बरोबर आहे. आणि मला हेही माहीत होतं की तू मागे फिरलास तर मला थोडं हायसं वाटेल.

सव्विसाव्या दिवशी तुला यिशुनच्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. हुद्दा खालचा, खांद्यावर शिडी घेऊन घरोघरी जायचं. तू एकदाही कुरकुरला नाहीस. उलट सांगायचास, आता मी मोजतो ते लगेच दुरुस्तही करतो, मधे फ्रान्सिस नाही.

*

आता ते सांगते जे तुला कधी सांगितलं नाही.

तुझा कागद फ्रान्सिसने फाइलमध्ये ठेवलाच नाही. नवा छापला. दोष एका घरापुरता, बाकी व्यवस्थित. खाली माझं नाव. तू नोकरी सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर ठेवला. मी पण पासवरच होते. भाऊ पुण्यात शिकत होता, आईचं ऑपरेशन ठरलं होतं. ही कारणं खरी होती. पण सही करताना मी त्यातल्या कशाचाही विचार करत नव्हते. दुपारी जेवायला कुठे जायचं याचा करत होते. माणूस असं काही करतो तेव्हा किती साधं वाटतं, ते मला तेव्हा कळलं.

मग माझी बढती झाली.

मला वाटतं तुला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तुमच्या घरी जेवायला आले होते. शीलाने झुणका केला होता. मैत्रीने विचारलं, "आंटी, दॅट टीचर्स कॉन्डो, दे फिक्स ऑलरेडी ऑर नॉट? द अदर हाउसेस?" माझा घास तोंडात. तू ताट पुढे सरकवलंस आणि म्हणालास, "मैत्री, आंटीला भाकरी वाढ." विषय संपला. मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

तू मला न विचारता माफ केलंस. मला ते नको होतं, मिलिंद. विचारायला हवं होतंस. ओरडायला हवं होतंस. तू शिडीवर मला तीनदा मोजायला लावायचास आणि माणसांना मात्र एका नजरेत सोडून द्यायचास. तुझ्या त्या चांगुलपणामुळे माझी दोन वर्षं आणखी फुकट गेली, आणि त्या घरांची पण.

आणि आणखी एक. तुझंही चुकलं होतं. खरं लिहिलंस, सही केलीस आणि निघून गेलास. तुला वाटलं काम झालं. कागद फाडायला किती वेळ लागतो? तू गेलास तेव्हा त्या घरांच्या बाजूने बोलणारं ऑफिसात कुणी उरलं नाही. मी उरले होते, पण मी मोजण्यात नव्हते. सगळे म्हणतात तू ताठर होतास. मी म्हणते तू पुरेसा ताठर नव्हतास. तू तिथेच बसून राहायला हवं होतंस.

*

तुझ्या अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले, ड्रॉवरमधून माझी जुनी वही काढली आणि झेरॉक्स केल्या. आकडे तुझे, अक्षर माझं. चार वर्षं ती वही तिथेच होती. कुणी लपवली नव्हती, मीच उघडली नव्हती.

मग कॉन्डोच्या रहिवासी समितीला पत्र लिहिलं. दोनच परिच्छेद. पहिला: चार वर्षांपूर्वी माझ्या सहीने गेलेला रिपोर्ट खोटा आहे. मी ती घरं तपासली नव्हती. दुसरा: सोबत जोडलेल्या मोजणीवरून बाकीच्या घरांतही हाच दोष असण्याची शक्यता आहे, छत उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ते बघायला मी येईन. प्रत फ्रान्सिसला.

तो माझ्या टेबलापाशी आला. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नाही.

"चार वर्षं झाली. आता कशाला?"

"कारण मी खोटं लिहिलं होतं."

"तुझं परमिट, तुझं लायसन्स. ही तुझी सही आहे, माझी नाही. कळतंय ना?"

"कळतंय. म्हणूनच मी परत घेतेय. तुमची असती तर मला घेता आली नसती."

"तू दुःखात आहेस. दोन आठवडे सुट्टी घे."

"सुट्टी नको."

तो जायला वळला. मग म्हणाला, "तो पण असाच बोलायचा." मी म्हटलं, "नाही. तो तुमच्याशी यापेक्षा चांगलं बोलायचा."

आता माझ्यावर चौकशी लावली आहे. पुढच्या आठवड्यात मोठ्या साहेबांसमोर बसायचं आहे. ऑफिसातले लोक माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत, कॅन्टीनमध्ये हळूच येऊन खांद्यावर हात ठेवून जातात. भावाने पुण्याहून फोन केला, "ताई, त्या माणसाने जाताना तुला पण घेऊन जायचं ठरवलंय का?" मी त्याला म्हटलं, असं पुन्हा बोललास तर फोन ठेवीन. तो पुन्हा बोलला. मी ठेवला.

समितीची बैठक झाली. मिसेस चुआ आता समितीवर आहेत, म्हणजे असणारच. मी गेले तेव्हा मला वाटलं त्या मला दारातूनच हाकलतील. पुस्तकांवर पाणी पडलं ते माझ्यामुळे. त्यांनी माझं पत्र समोर धरलं आणि म्हणाल्या, व्याकरण ठीक आहे. मग विचारलं, "तो उंच माणूस कुठाय? करवतवाला?"

मी सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तो दरवर्षी यायचा. माझा फिल्टर धुवायला. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. तू हे पण सांगितलं नाहीस. दरवर्षी बुओना व्हिस्टाला जाऊन, त्या इमारतीत, बाकीच्या एकोणचाळीस दारांवरून चालत जायचास. काय वाटायचं तुला लिफ्टमध्ये? मी विचारलं, तो बाकीच्या घरांबद्दल काही बोलायचा का? त्या म्हणाल्या, "मी म्हणायचे, आपण भांडू या. तो म्हणायचा, माझ्या सहीला तिथे किंमत नाही, मॅडम, ज्याच्या सहीला आहे तो माणूस येईल."

येईल म्हणालास. कोण ते सांगितलं नाहीस. मी ते ऐकून त्यांच्या सोफ्यावर बसले आणि मला तुझा इतका राग आला की रडू आलं. चार वर्षं वाट बघत बसलास? एक फोन करायचा होतास. मी आले असते. कदाचित आले नसते. पण निदान ते तरी कळलं असतं.

परवा शनिवारी पहिलं घर उघडलं. सहावा मजला, तरुण जोडपं, भिंतीवर बुरशी. कंपनीने एक माणूस पाठवला होता बघायला, फ्रान्सिस स्वतः दुपारून आला. मी छत कापलं. नळी सरळ होती. स्वच्छ, मोकळी, कुठेही दबलेली नाही. कंपनीच्या माणसाने खाली बघून मोबाइल काढला. फ्रान्सिसचे खांदे सैल झालेले मला शिडीवरून दिसले.

चार वर्षांपूर्वीची मी असते तर तिथेच खाली उतरले असते. मी तीनदा मोजलं, लिहिलं, "या घरात नळीचा दोष नाही, ब्लोअर हायवर आहे, मीडियमवर आणला, मोजून बघितलं, पुरेसा आहे," आणि सही केली. मग म्हटलं, पुढचं घर.

पुढच्या घरात नळी तुळईखाली चपटी झाली होती. त्याच्या पुढच्यात पण. मी फ्रान्सिसला शिडीवर बोलावलं. तो बुटांकडे बघत राहिला. मी म्हटलं, "बूट काढून चढा." तो चढला. आत बघितलं. उतरला आणि बराच वेळ टाय सरळ करत राहिला.

जाताना दारात म्हणाला, "चौकशीत ते तुला काढतील. मग उरलेल्या घरांत तुला कोण येऊ देणार?"

मिसेस चुआ माझ्या मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "शी इज माय गेस्ट. आणि ही बाकीची घरं माझ्या शेजाऱ्यांची आहेत, त्यांच्याकडे चहाला जायला मला कुणाची परवानगी लागत नाही."

आता छत्तीस राहिली आहेत. मला काढलं तर पाहुणी म्हणून जाईन, नाही काढलं तर इंजिनियर म्हणून. पण राजीनामा मी लिहिणार नाही, मिलिंद. त्यांना मला काढावंच लागेल, आणि का काढलं ते कागदावर लिहावं लागेल. तू म्हणशील, खरं लिहिलंस, सही केलीस, आता निघ. या वेळी मी तुझं ऐकणार नाही.

— प्रज्ञा